न दुखणारा पाय

वाचकहो, पाय दुखतो म्हणून कण्हत, लंगडत येणाऱ्या माणसाची मला कधी फारशी धास्ती वाटली नाही. धास्ती वाटे ती वेगळ्याच माणसाची. "दुखत तर काहीच नाही डॉक्टर, मुलगा म्हणाला म्हणून आलो," असे हसत सांगत आणि तळव्याला रुपयाएवढी जखम घेऊन तो आपल्याच पायांनी चालत दवाखान्यात शिरे. अस्थिशल्यचिकित्सक म्हणून मी छत्तीस वर्षे काम केले. त्यांतली शेवटची सोळा वर्षे पाऊल आणि घोटा एवढ्याच प्रदेशात घालवली. आमच्या शास्त्रात हा प्रदेश फारसा मानाचा नव्हे. गुडघा बदलणाऱ्या डॉक्टरचे नाव गावभर होते. पायाचे बोट वाचवणाऱ्याचे नाव रुग्णाच्या घरीसुद्धा दोन महिन्यांत विसरले जाते. (बोट गेले असते, तर मात्र जन्मभर लक्षात राहिले असते.) तरीही मी इकडे वळलो, त्याला दोन माणसे कारण झाली. एक माझी आई. दुसरे डॉ. पॉल ब्रँड, ज्यांना मी कधी प्रत्यक्ष पाहिले नाही.

आईची गोष्ट आधी सांगतो, कारण ती सांगणे मला अधिक जड जाते.

१९९६ साली माझ्या पुतणीचे लग्न वाईला, आमच्या जुन्या घरी झाले. आई तेव्हा सत्तर वर्षांची होती आणि मधुमेहाला चौदा वर्षे झाली होती. तिच्या टाचांना खोल भेगा पडत, म्हणून मीच तिला पुण्याहून कापडी बंद बूट आणून दिले होते. नऊवारीखाली बूट घालायची तिला लाज वाटे. पण मुलगा हाडांचा डॉक्टर, त्याचा शब्द कसा मोडायचा, म्हणून ती घाली. लग्नाच्या आदल्या दिवशी पोरे ओसरीवर चिंचोके खेळत होती. त्यांतला एक उडून बुटात पडला असावा. आईने सकाळी सहाला बूट चढवले आणि रात्री अकराला काढले. मधल्या वेळात तिने पाहुण्यांची सरबराई केली, पंगतीत आग्रह केला, पाठवणीच्या वेळी वेशीपर्यंत चालत गेली. तिला काही टोचले नाही. रात्री मोज्यावर डाग दिसला, तो तिला कुंकवाचा वाटला. दुसऱ्या दिवशी फोड दिसला, त्यावर तिने हळद आणि खोबरेल तेल लावले. लग्नघरात आपले रडगाणे कशाला, म्हणून कोणाला बोलली नाही.

निघताना मी तिच्या पायांवर डोके ठेवले. माझे कपाळ त्या फोडापासून चार अंगुळांवर होते. आपण नमस्कार करतो तो पावलाच्या वरच्या बाजूला. फोड होता तळव्याला.

सोळा दिवसांनी धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, आईला थंडी वाजून ताप भरलाय. आणि खोलीत कसला तरी वास येतोय, तू लगेच ये." मी पोहोचलो तोवर पू बोटांच्या मुळाशी खोलवर गेला होता. तिची दोन बोटे काढावी लागली. शस्त्रक्रिया माझ्या मित्राने केली. माझा हात चालणार नाही हे त्याला माझ्याआधी कळले होते. मी बाहेर बाकावर बसून होतो. भावाने घाईत तिचे सामान पिशवीत भरून आणले होते, त्यात ते बूट होते. मी उजव्या बुटात हात घातला, आणि गुळगुळीत, काळपट चिंचोका माझ्या बोटांना लागला.

शुद्धीवर आल्यावर आईने माझा चेहरा पाहिला आणि मलाच समजावण्याच्या सुरात म्हणाली, "अरे, दुखले असते तर सांगितले नसते का तुला?"

वाचकहो, डॉ. ब्रँड यांनी आयुष्यभर ज्याचा शोध घेतला, ते सारे या एका वाक्यात आहे. आणि दुःख असे की मला ते अठरा वर्षांपासून ठाऊक होते. निवासी डॉक्टर असताना मी विदर्भातल्या कुष्ठरुग्णांच्या एका वसाहतीत शिबिरासाठी गेलो होतो. तिथल्या वरिष्ठांनी ब्रँड यांचे लेख माझ्या हाती दिले होते आणि मी ते वाचले होते. मात्र ते ज्ञान मी 'कुष्ठरोग' या कप्प्यात ठेवून दिले. माझ्या घरात, माझ्या आईच्या पावलाखाली तेच चालले आहे, हे मला दिसले नाही.

ब्रँड यांचा जन्म १७ जुलै १९१४ रोजी तमिळनाडूतील कोल्ली डोंगरांत झाला. आईवडील इंग्रज मिशनरी. नऊ वर्षांच्या मुलाला शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवले गेले. वडिलांची पुन्हा भेट झाली नाही, ते १९२९ साली इकडेच तापाने वारले. पुढे या तरुणाने आधी बांधकामाचा धंदा शिकला. सुतारकाम, गवंडीकाम यांत काही वर्षे गेली आणि मग तो वैद्यकाकडे वळला. ही वर्षे वाया गेली असे कोणाला वाटेल. मला तसे वाटत नाही. लाकूड कुठे ताण घेते आणि कुठे तडकते हे ज्याच्या हाताला माहीत आहे, त्यालाच पुढे पाऊल ही एक भार पेलणारी वास्तू आहे हे दिसले. लंडनमध्ये युद्धाच्या धामधुमीत त्यांचे वैद्यकीय शिक्षण झाले आणि १९४६ साली ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शल्यचिकित्सा शिकवायला आले.

चेंगलपट्टूच्या कुष्ठरोग रुग्णालयात डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांनी त्यांना वाकड्या बोटांचे, लुळ्या पावलांचे शेकडो रुग्ण दाखवले. या व्यंगांकडे अस्थिशल्यचिकित्सकांनी लक्षच दिलेले नाही, हेही सांगितले. तिथे एका रुग्णाने ब्रँड यांचा हात हातात घेतला आणि तो इतका जोराने दाबला की ते कळवळले. पंजा वाकडा झालेला, पण पकड पोलादी! याचा अर्थ काही स्नायू निकामी झाले असले तरी काही शाबूत आहेत. मग शाबूत स्नायूचा कंडरा उचलून निकामी स्नायूच्या जागी का जोडू नये? या शस्त्रक्रियांनी हात उघडू-मिटू लागले. पावलाचेही तसेच. चालताना ज्यांचे पाऊल पुढून लोंबत असे, त्यांच्या पोटरीतला एक कंडरा वळवून पुढे आणला की पाऊल उचलले जाई. पुढे १९६० साली त्यांना अल्बर्ट लास्कर पुरस्कार मिळाला तो अपंगांच्या पुनर्वसनाच्या कार्यासाठीच.

पण शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही हातापायांवर नव्या जखमा येतच राहिल्या. त्या काळी बहुतेक डॉक्टरसुद्धा मानत की कुष्ठरोगात मांस आपोआप सडते आणि बोटे झडतात. ब्रँड यांना ते पटेना. त्यांनी वेल्लोरला काही रुग्णांसाठी छोटी वसाहत उभारली. तिथली तरुण मुले सुतारकाम करून लाकडी खेळणी बनवत. रोज संध्याकाळी हातपाय तपासायचे, आणि नवी जखम दिसली की ती कशाने झाली याचा छडा लावायचा, असा नियम ठरला. पोलिसाने चोर शोधावा तसे हे काम चाले. एका मुलाने गंजलेल्या कुलपात अडकलेली किल्ली सहज फिरवून दिली. ब्रँड यांनी पाहिले तर किल्ली त्याच्या बोटात हाडापर्यंत रुतली होती. एका म्हाताऱ्याने निखाऱ्यांत पडलेला बटाटा हातानेच काढून दिला. सर्वांत चक्रावून टाकणारी गोष्ट म्हणजे रात्री निजलेल्या माणसाच्या बोटाचा तुकडाच सकाळी नाहीसा झालेला असे. पहारा ठेवला तेव्हा कळले की उंदीर कुरतडून नेत, आणि ज्याचे बोट, तो शांत झोपलेला असे! त्यानंतर घरी जाणाऱ्या रुग्णाबरोबर एक मांजर देण्याची प्रथा पडली. वैद्यकाच्या इतिहासात मांजराचे औषधपत्र लिहिले गेल्याचे मला दुसरे उदाहरण ठाऊक नाही.

बहुतेक प्रत्येक जखमेला काही ना काही कारण सापडले. मांस आपोआप झडत नव्हते. रोगाने मज्जातंतू मारले होते, वेदना गेली होती, आणि वेदना गेल्यामुळे माणूस स्वतःच्या शरीराशी परक्यासारखा वागत होता.

हातांपेक्षा पाय अधिक कठीण. हाताला काम सांगितले नाही तरी चालते. पायांवर मात्र चालावेच लागते. तळव्याच्या जखमेला प्लॅस्टर घालून तिच्यावरचा भार काढला की ती भरून येई. महागडी औषधे नाहीत, मलमे नाहीत, फक्त विसावा. पण प्लॅस्टर काढून रुग्ण जुन्या वहाणा घालून गावी गेला की जखम पुन्हा हजर. म्हणून या सुतार-शल्यचिकित्सकाने चांभारकामात डोके घातले. तळव्याचा भार एका बिंदूवर न पडता सगळीकडे वाटला जावा, असे मऊ तरीही टिकाऊ रबर शोधण्यात आणि त्याच्या वहाणा घडवण्यात त्यांची व सहकाऱ्यांची वर्षे गेली. आपल्याकडच्या कुष्ठरोग दवाखान्यांत 'एमसीआर चप्पल' म्हणून जी मिळते, तिच्या आत हेच सूक्ष्म छिद्रांचे रबर असते. १९५५ साली वेल्लोरजवळ करीगिरीला कुष्ठरोग संशोधनाचे केंद्र उभे राहिले, आणि जगभरचे डॉक्टर पावलांची निगा शिकायला तिथे येऊ लागले.

त्यांच्या आयुष्यातला एक प्रसंग मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगत असे. लांबच्या प्रवासानंतर इंग्लंडमध्ये एका रात्री मोजे काढताना ब्रँड यांच्या लक्षात आले की आपल्या टाचेला स्पर्श कळत नाही. त्यांनी टाचणी घेऊन टोचली. काही जाणवले नाही. इतकी वर्षे कुष्ठरुग्णांत वावरलेल्या माणसाच्या मनात दुसरा विचार कुठला येणार? ती रात्र त्यांनी आपले उरलेले आयुष्य कसे जाईल याचा विचार करत काढली. पहाटे पुन्हा टाचणी टोचली आणि ते ओरडले, कारण दुखले होते! आगगाडीत अवघडून बसल्याने पायाचा मज्जातंतू दबला होता, एवढेच. दुखल्याबद्दल देवाचे आभार मानणारा असा माणूस विरळा.

१९६६ साली ते अमेरिकेत, लुइझियाना राज्यात मिसिसिपी नदीकाठच्या कार्व्हिल येथील सरकारी कुष्ठरोग रुग्णालयात पुनर्वसन विभागाचे प्रमुख झाले. इथून त्यांचे काम तुमच्या-माझ्या घरात शिरते. तिथे त्यांना मधुमेहींचे पाय पाहायला मिळाले आणि ते थबकले. तीच जागा, तीच गोल जखम, तोच बेफिकीर चेहरा. मधुमेहात रक्तपुरवठा खराब असतो, म्हणून जखमा होतात आणि त्या भरणे नाही, अशी तेव्हाच्या डॉक्टरांची समजूत. काही रुग्णांत रक्तपुरवठा खराब असतो हे खरे. तो तपासायलाच हवा. पण कित्येकांच्या पावलांत रक्त नीट वाहत होते, फक्त जाणीव गेलेली होती. प्लॅस्टर घालून विसावा दिला की त्यांच्या जखमाही भरून आल्या.

तिथल्या प्रयोगशाळेत त्यांनी एक साधा प्रश्न विचारला: किती दाबाने कातडी मरते? खिळा रुतला तर एका पावलात जखम होते, हे कोणीही सांगेल. घट्ट बुटाचा दाब थोडाच असतो, पण तो तासन्‌तास राहिला तर रक्त अडते आणि कातडी काळी पडते. तिसरा प्रकार मात्र कोणाच्या लक्षात आला नव्हता. उंदरांच्या पंजांवर यंत्राने मध्यम दाब दिला, इजा होणार नाही इतका. पण तो हजारो वेळा, रोज, त्याच जागी. काही दिवसांत ती जागा लाल झाली, सुजली, गरम झाली आणि अखेर फुटली. मधे विश्रांती दिली, तर तोच पंजा टिकला. तुमचा-माझा पाय चालून चालून एका जागी दुखू लागला की आपण नकळत पाऊल थोडे तिरपे टाकतो, चाल बदलतो, दगडावर टेकतो. ज्याला दुखत नाही तो शेवटपर्यंत त्याच चालीने, त्याच जागेवर भार देत जातो. आईचा चिंचोका खिळ्यासारखा टोकदार नव्हता. तिने तो दिवसभर, पावलागणिक दाबला होता.

त्याच कार्व्हिलमध्ये नायलॉनच्या बारीक तंतूने पाय तपासण्याची पद्धत पक्की झाली. तंतू तळव्यावर टेकवून वाकेपर्यंत दाबायचा. तो वाकतो तेव्हा दहा ग्रॅमचा भार पडतो. एवढाही भार ज्याला कळत नाही, त्याच्या पायाचा राखणदार गेला असे समजायचे. ही तपासणी मिनिटभराची आहे. मधुमेह असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी ती करून घ्यावी, आणि डॉक्टर विसरले तर न लाजता मोजे काढून पाय पुढे करावेत.

आता त्यांच्या अपयशाविषयी. मला त्यांच्या यशापेक्षाही ते अधिक शिकवून गेले. वेदना गेली आहे ना, मग कृत्रिम वेदना बनवू, असे ब्रँड यांनी ठरवले. अभियंत्यांच्या मदतीने हातमोजे आणि पायमोजे यांत दाब मोजणारी उपकरणे बसवली. दाब वाढला की कानात कर्कश आवाज येई. रुग्णांनी आवाज ऐकला आणि काम चालू ठेवले. मग आवाजाऐवजी विजेचा झटका आला, तोही काखेत, जिथे जाणीव शाबूत होती. यावर रुग्णांनी काय केले असेल? धोक्याचे काम करायच्या आधी ते यंत्रच बंद करून टाकत आणि काम झाल्यावर पुन्हा चालू करत! काही वर्षांच्या खटाटोपानंतर तो प्रकल्प सोडावा लागला. खरी वेदना बंद करता येत नाही, हीच तिची थोरवी. ज्या सूचनेकडे दुर्लक्ष करण्याची मुभा आहे, तिच्याकडे माणूस दुर्लक्ष करतोच.

आईच्या त्या आजारानंतर मी दर गुरुवारी फक्त पावलांसाठी वेगळा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला आणि एक वही घातली. वेल्लोरच्या वसाहतीसारखा एकच प्रश्न मी प्रत्येकाला विचारी: ही जखम सुरू कशी झाली? पहिले उत्तर नेहमी "आपोआप" असे. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत खरे उत्तर निघे. गुडघ्यासाठी घेतलेली गरम पाण्याची पिशवी रात्री घरंगळून पावलांशी आली. चैत्रात भर दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी अकरा प्रदक्षिणा घातल्या. मोटारसायकलवर मागे बसलेल्या आजींची टाच सायलेन्सरला टेकली. कुरूप होते, ते दाढीच्या पात्याने घरीच कापले. लेकीच्या लग्नाला नवी कोल्हापुरी घातली आणि ती दिवसभर उतरवली नाही. आणि हो, उंदीरसुद्धा! शहरातल्या पक्क्या घरात, तळमजल्यावर. त्या दिवशी मला ब्रँड यांची मांजरे आठवली आणि हसू आले नाही.

या वहीत मला आणखी एक गोष्ट दिसू लागली. ज्यांचे पाय वाचले, त्यांच्या घरात बहुधा दुसरे कोणीतरी पाय पाहणारे होते. बायको, सून, नातू, कामाला येणाऱ्या मावशी. वेदनेची जागा यंत्राला घेता आली नव्हती; माणसाला ती घेता येत होती. म्हणून हा लेख ज्यांना पाय आहेत त्यांच्यापेक्षा, ज्यांच्या घरात असे पाय आहेत त्यांच्यासाठी अधिक आहे.

तेव्हा तुम्ही, जे आपल्या वडिलांची, सासूबाईंची, पतीची शुश्रूषा करता, त्यांना माझे सांगणे असे. आधी जाणीव आहे की नाही ते पाहा. इंग्लंडमधील इप्सविच येथील डॉक्टरांनी यासाठी एक सोपी रीत दिली आहे, तिला कसलेच साहित्य लागत नाही. त्यांना डोळे मिटायला सांगा. दोन्ही पावलांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी, यांच्या टोकांना तर्जनीने पिसासारखा हलका स्पर्श करा, एक-दोन सेकंद. दाबू नका, टोचू नका, थोपटू नका. सहांपैकी दोन किंवा अधिक ठिकाणी कळले नाही, तर त्यांना लवकर डॉक्टरांकडे न्या आणि तोवर 'दुखत नाही' या त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवू नका. ते खोटे बोलत नाहीत. त्यांना खरोखरच ठाऊक नसते.

मग रोज, शक्यतो निजण्यापूर्वी, चांगल्या उजेडात दोन्ही तळवे पाहायचे. बोटांच्या बेचक्या फाकवून पाहायच्या, कारण तिथली ओल आणि चीर सहज नजरेतून सुटते. बेचक्या पुसून कोरड्या ठेवायच्या. टाचेला तेल चालेल, बेचक्यांत नाही. नंतर आपल्या हाताची पालथी बाजू दोन्ही पावलांवरून फिरवायची. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गरम लागले, तर त्या जागी काहीतरी धुमसते आहे. ब्रँड स्वतः रुग्णांच्या पायांवर हात फिरवून अशा गरम जागा शोधत. मागाहून उष्णतामापकाने झालेल्या अभ्यासांत दोन्ही पायांच्या एकाच जागेत सुमारे २.२ अंश सेल्सिअसचा फरक हा धोक्याचा इशारा ठरला. जखम नसताना पाऊल सुजून गरम झाले असेल, तर मुरगळले असेल म्हणून चोळत बसू नका. आत हाडे खचत असू शकतात. चालणे थांबवा आणि त्याच दिवशी दाखवा. जखम, पू, काळसर झालेले बोट, ताप यांपैकी काहीही दिसले तर उद्याची वाट पाहू नये, हे वेगळे सांगायला नको.

पादत्राणे घालण्यापूर्वी उलटी करून झटकायची आणि आत हात घालून चाचपायची. (हे मी किती वेळा सांगितले असेन त्याची गणती नाही, आणि प्रत्येक वेळी मला तो चिंचोका लागतो.) संध्याकाळी पाय थोडे फुगतात, म्हणून खरेदी संध्याकाळी करावी. नवी जोडी पहिल्या दिवशी तासाभरापेक्षा अधिक घालू नये. ब्रँड यांचा आणखी एक सल्ला फार उपयोगाचा आहे: एकच जोडी दिवसभर न वापरता मधेच बदलावी, म्हणजे भाराच्या जागाही बदलतात. आंघोळीचे पाणी त्यांच्या पायाने नव्हे, तुमच्या कोपराने पाहावे. देवळात जायचे तर फरशी थंड असताना भल्या सकाळी न्यावे, आणि घरी आल्यावर तळवे पाहावेत.

यात अडचण ज्ञानाची नसते, संकोचाची असते. सासऱ्यांचे पाय सुनेने हातात घेऊन पाहायचे, हे दोघांनाही अवघड वाटते. पतीने आपले पाय धरावेत हे माझ्या पिढीतल्या कित्येक बायकांना पाप वाटे. एका आजोबांनी तर, "पाय धरायचे ते नमस्कारापुरते," असे मला सुनावले होते. त्यांच्या नातीने युक्ती काढली. ती रोज रात्री वाकून नमस्कार करी आणि तिथेच बैठक मारून टॉर्चने तळवे पाही. आजोबांना आशीर्वाद देण्यापलीकडे काही करता येत नसे.

आई त्यानंतर नऊ वर्षे जगली. उरलेली आठ बोटे शेवटपर्यंत तिच्याजवळ होती. ते काम माझे नव्हे. माझ्या धाकट्या भावजयीचे. रोज रात्री जेवणे आटोपली की ती आईचे पाय मांडीवर घेई, आणि त्या अर्ध्या घटकेत सासू-सुनेचे जे बोलणे होई, त्याला दिवसभर मुहूर्त मिळत नसे. डॉ. ब्रँड ८ जुलै २००३ रोजी सिएटल येथे वारले. बातमी वाचली त्या रविवारी मी वाईला गेलो आणि आईला ते कोण होते हे सांगितले. उंदरांची गोष्ट ऐकून तिने तोंडाला पदर लावला. मग म्हणाली, "बिचाऱ्याने किती जणांचे पाय पाहिले असतील रे."

मी आता चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. मधुमेहाला बारा वर्षे झाली, आणि गेल्या वर्षापासून त्या दहा ग्रॅमच्या तंतूची खूण माझ्या डाव्या तळव्याला दोन ठिकाणी कळत नाही. रोज रात्री बायको चष्मा लावून माझे पाय पाहते. परवा तिला डाव्या अंगठ्याच्या मुळाशी लालसर, गरम जागा सापडली. "चार दिवस फिरायला जायचे नाही," ती म्हणाली. मी तिला समजावले की मी याच विषयातला तज्ज्ञ आहे, जागा किरकोळ आहे, शिवाय मला मुळीच दुखत नाही.

तिने काही उत्तर दिले नाही. सकाळी उठून पाहतो तो माझे फिरायचे बूट कपाटात होते आणि कपाटाची किल्ली तिच्या कमरेला.